चि. मनूस, मिसळीच्या हॉटेलच्या खर्चाबद्दल

नाशिक, रविवार

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला खर्चाचा तक्ता नीट वाचला. फोनवर आपण दोघंही घाईत बोलतो आणि आकडे निसटतात, म्हणून लिहून पाठवतोय. शांतपणे वाच आणि जिथे पटणार नाही तिथे खूण करून ठेव.

तक्ता मेहनतीने केला आहेस, हे आधी सांगतो. डिपॉझिट ३ लाख, इंटिरियर ८, किचन ५, टेबल-खुर्च्या अडीच, लायसन्स ५० हजार, बोर्ड-जाहिरात १ लाख, उद्घाटन ५० हजार, किरकोळ दीड. झाले २२ लाख. तुझे साठवलेले १२ आणि बँकेचे १०, तेही २२. बेरीज चोख जुळते आणि माझी काळजी तिथेच सुरू होते. उद्घाटनाच्या रात्री तुझ्या खात्यात काहीच उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला येणार, आठवड्याने किराणावाला, महिना भरला की पगार आणि भाडं. हे सगळं पहिल्या दिवसापासून गल्ल्यातून निघेल असं तू धरलं आहेस. तसं निघत नाही गं.

इतकी वर्षं मी हॉटेलांचे हिशेब लिहितोय. चव वाईट म्हणून बंद पडलेली हॉटेलं त्यात थोडी. जम बसायच्या आत पैसे संपले म्हणून बंद झालेली बरीच. कॉलेज रोडला एकाने फार देखणं हॉटेल काढलं होतं. रविवारी बाहेर लोक उभे असायचे. पाचव्या महिन्यात तो वह्या घेऊन माझ्याकडे आला. दूधवाल्याचे दोन महिने थकलेले, वस्तादाला, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, दिलेली उचल वस्तादासकट गावी गेलेली, आणि भिंतीवरच्या दगडी कामाचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा होता. डीप फ्रीजर त्याने घेतलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात विकला. तीन महिने तग धरायला पैसे असते तर ते हॉटेल आज चालू असतं, असं मला त्याच्या विक्रीचे आकडे पाहून मनापासून वाटतं. विक्री चढतीच होती.

आता तुझ्या तक्त्याकडे वळतो. तू कोटेशनमधले आकडे जसेच्या तसे उतरवले आहेत. प्रत्येक कोटेशनच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' लिहिलेलं असतं, ते बघ. इंटिरियर, किचन, फर्निचर आणि बोर्ड मिळून साडेसोळा लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे २ लाख ९७ हजार. दुकानदाराला खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करून मिळतो. आपल्यासारख्या हॉटेलला मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घ्यायचा आणि खरेदीवर भरलेल्यावर पाणी सोडायचं, असा नियम आहे. म्हणून हे जवळजवळ तीन लाख खर्चच समज. भाड्याचंही तेच. मालक ५० हजार म्हणाला तरी तुझ्या खिशातून ५९ हजार जाणार. मालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा वेळी तो कर नोंदणी असलेल्या भाडेकरूनेच भरायचा असतो.

शिवाय काम चालू असतानाचं भाडं तू धरलेलंच नाहीस. सुतार, प्लंबर, गॅसची लाइन, चिमणी असं करत दोन महिने सहज जातात. ते १ लाख १८ हजार. एजंटाचं एक भाडं आणि कराराची नोंदणी मिळून आणखी ६० हजार. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्काच आहे, त्यामुळे ते फार नाही, पण नोंदणी करायचीच. साध्या स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळं व्हायचं नाही.

मिसळीच्या हिशेबावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एका प्लेटचा खर्च तू २६ रुपये काढलास. मी आईला विचारून पुन्हा मांडला. फरसाण ५० ग्रॅम, १० रुपये. दोन पाव ७. मटकी ३, तेल ३. कांदा-खोबरं, आलं-लसूण आणि मसाला मिळून ६. वरचा कांदा, लिंबू, कोथिंबीर ४. पापड ३, दही ४. हे ४० झाले. तू रस्सा एकच वाटी धरलास, आणि फरक मुख्यतः तिथे पडला. नाशिकचं गिऱ्हाईक रस्सा दोनदा-तीनदा मागतं, तर्री वेगळी मागतं, आणि ती हसतमुखाने द्यावीच लागते. 'रस्सा एकदाच' अशी पाटी लावलीस तर लोक पुन्हा येणार नाहीत. त्याच प्लेटवर गॅस ३ रुपये आणि नासधूस २ धर. ११० रुपयांच्या मिसळीत हाती ६५ उरतात.

कांदा-लिंबाचे भावही तू आजचे घेतलेस. लासलगाव जवळ आहे म्हणून आपल्याला कांदा कायम स्वस्त मिळतो असं नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात लिंबू काय भावाने घ्यावं लागतं ते तुला माहीत आहे. मेनूकार्डावरचा दर दर महिन्याला बदलता येत नाही. तेव्हा महागातला भाव धरून दर ठरव, स्वस्ताईत चार पैसे जास्त सुटतील.

आता महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी जाणारे पैसे. भाडं ५९ हजार. वस्ताद, दोन हेल्पर, चार वेटर आणि भांड्यांवर दोघं मिळून १ लाख ३४ हजार. लाइट २५ हजार. १० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांत फेडायचं तर हप्ता २१,७४२. फोन, बिलिंग मशीन, हिशेब, पेस्ट कंट्रोल असं १५ हजार. आणि तुझ्या तक्त्यात नाहीच अशी एक गोष्ट: कामगारांची राहायची खोली आणि दोन वेळचं जेवण. तुझी निम्मी माणसं बाहेरगावची असणार. खोली दिली नाहीस तर ती टिकणार नाहीत, आणि दिवसभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या माणसाला पोटभर ताजं जेवण मिळायलाच हवं. त्याचे ३३ हजार. एकूण २ लाख ८८ हजार. त्याला ६५ ने भाग दे. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास मिसळी, म्हणजे रोज दीडशे, एकही सुट्टी न घेता. तेव्हा कुठे हातातोंडाची गाठ पडते, आणि त्यात तुझा स्वतःचा पगार नाही.

मिसळीचा धंदा शनिवार-रविवार सकाळचा. ते दोन दिवस अडीचशे-अडीचशे प्लेट गेल्या आणि बाकीचे पाच दिवस सत्तर-सत्तर, तर सरासरी १२१ पडते. नव्या हॉटेलला ही सुरुवात चांगलीच म्हणायची. तरीही महिन्याला ५० हजारांची तूट येते. यात घाबरण्यासारखं काही नाही. ती सहा महिने सोसायची तयारी हवी, इतकंच. म्हणून बांधील खर्चाचे दोन महिने, गोळाबेरीज ६ लाख, वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि दार उघडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुतार कितीही म्हणाला की ताई, एवढं केलं की लुक येईल, तरी नाही.

पण हे सगळं धरलं तर गरज पावणेतेहेतीस लाखांवर जाते आणि तुझ्याकडे आहेत २२. कर्ज वाढवू नकोस. सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिथेच थांब. आपलं घर तारण ठेवायचा विषय तू काढला होतास, त्याला माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. डोक्यावर घराची टांगती तलवार असताना माणूस धंद्यातले निर्णय भीतीने घेतो, आणि ते मला तुझ्याबाबतीत नको आहे.

कात्री लावायची ती इंटिरियरला. ८ चे ४ कर. फॉल्स सीलिंग, भिंतींचं काम, फरशी हे सगळं करार संपला की मालकाचं होतं. टेबल, भांडी, ग्राइंडर आपल्याबरोबर येतात. पैसे शक्यतो उचलून नेता येईल अशा वस्तूत घाल. किचनचे ५ साडेतीनवर येतील. स्टीलची टेबलं, सिंक, शेगड्या, रॅक जुन्या घे; बंद झालेल्या हॉटेलांचं सामान विकणारे व्यापारी आहेत, मी बरोबर येईन. कॉम्प्रेसर असलेली वस्तू मात्र नवीच, वॉरंटीची. आणि चिमणी-एक्झॉस्टमध्ये एक रुपयाही वाचवू नकोस. वर लोक राहतात. फोडणीचा धूर त्यांच्या घरात गेला तर पहिल्या आठवड्यात तक्रार होईल, आणि ती रास्त असेल. बोर्डाचे ४० हजार कमी होतात. उद्घाटनाला १० हजार पुरेत: सत्यनारायण घाल आणि आजूबाजूच्या दुकानदारांना मिसळ खाऊ घाल. या सगळ्यात, वाचलेल्या जीएसटीसकट, सव्वासात लाखांच्या वर सुटतात.

सिंहस्थाबद्दल. २०२७ च्या रकान्यात तू विक्री दुप्पट धरलीस, आणि मालकही सिंहस्थाचं नाव घेऊन भाडं वाढवून मागतोय. २०१५ चं आठवतं का तुला? पर्वणीच्या दिवशी गाड्यांना रस्ते बंद होते. गर्दी रामकुंडावर, पंचवटीत, तपोवनात. गंगापूर रोडच्या हॉटेलात रोजचं गिऱ्हाईकसुद्धा पोचू शकत नव्हतं. काही आठवड्यांच्या गर्दीसाठी पाच वर्षांचं भाडं वाढवून द्यायचं नाही. तो रकाना खोड. आली विक्री तर आनंदच आहे.

करारात तीन गोष्टी मागून घे. काम चालू असताना निदान एक महिना भाडं माफ. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोघांनाही सारखा. हॉटेल जम धरू लागलं की मालकाने उठवायला नको. आणि थ्री-फेजचा वाढीव लोड महावितरणकडून कोण घेणार, त्याचे पैसे कोण भरणार, हे लेखी. जुनं वीजबिल आणि घरपट्टी थकलेली नाही ना, तेही पावतीवर बघ, तोंडी नको.

लायसन्सच्या सरकारी फीया फार नाहीत, तुझे ५० हजार पुरतील. तिथे वेळ जातो. फूड लायसन्सला पाण्याचा तपासणी अहवाल लागतो, कामगारांची वैद्यकीय तपासणी लागते. एक कागद महिनाभर अडकला की ५९ हजार भाडं आणि वस्तादाचा पगार बसून जातो. कामाला हात घालशील त्याच आठवड्यात अर्ज टाक.

घरपोच ॲपवर तू चाळीस टक्के विक्री धरली आहेस. ॲपचं कमिशन २५ टक्के धरलं तर ११० तले २७.५० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी ४.९५. रस्सा-फरसाण वेगळं बांधायचे डबे १० रुपये. जिन्नस, गॅस वजा करून हाती २०-२५ रुपये उरतात, समोर बसून खाणाऱ्याकडून ६५. एक पार्सल म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा मिसळ. ॲप सुरू कर, लोकांना नाव कळेल. पण बांधील खर्च त्याच्या जिवावर निघेल असं मांडू नकोस.

आता माझ्याकडून. ठेवीतले ४ लाख मी तुला देतो. आईशी बोललो आहे, तिची आनंदाने तयारी आहे. ते फक्त त्या ६ लाखांच्या खात्यात जातील. परत कधी द्यायचे ते तुझं तू ठरव, पण कर्ज म्हणूनच वहीत लिही. तुझे २२ आणि हे ४ मिळून २६, आणि वर सांगितलेली काटछाट केली तर गरज येते साडेपंचवीसच्या आत. म्हणजे हे होऊ शकतं, मनू. तुझ्या हाताला आजीची चव आहे, तू माणसं सांभाळतेस, पहाटे उठायची तुला सवय आहे. मला हे हॉटेल चाललेलं बघायचं आहे.

पुढच्या शनिवारी येताना कराराचा मसुदा आण, सही करू नकोस. सगळी कोटेशनं मूळ कागदासकट आण. आई शुक्रवारी मटकी भिजत घालणार आहे. तू वीस प्लेटचा रस्सा कर. तेल, मसाला, खोबरं सगळं काट्यावर मोजून घालू आणि माझे ४० रुपये बरोबर आहेत की चूक ते तिथेच पाहू. वजनकाटा मी दुकानातून घेऊन येतो.

तुझा,
बाबा