कोपीतल्या बाईची नोंद कुठल्या वहीत?

मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

महोदय, बेळगाव जिल्ह्याला आरोग्य संशोधन नवं नाही. २००२ ते २००५ या काळात इथल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी झाली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनीच ती गोळी दिली. गोळी न मिळालेल्या बायकांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, मिळालेल्यांत ते ६.४ टक्के निघालं. २००६ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांत घेतली. आमच्या आयाबहिणींच्या भरवशावर जगाला एवढी मोठी गोष्ट कळली, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या शेकडो टोळ्या उतरतात, आणि त्यांतली बाई कुठल्याच अभ्यासात सापडत नाही. चिकोडी तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. बीडकडच्या, जतकडच्या, विजयपूरकडच्या बायका अंधार पडल्यावर येतात, कारण त्याआधी फडातून सुटका नसते. त्यांचं मागणं ठरलेलं असतं: "दादा, अंगदुखीची द्या, पण झोप येणारी नको. तीनला उठायचंय." डॉक्टरांना दाखवा म्हटलं की उत्तरही ठरलेलं, खाडा पडतो. एका दिवसाचा खाडा म्हणजे उचलीतून, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेतून, पैसे कापले जाणार. मग अंगावर काढायचं.

मागच्या एका हंगामात सात महिन्यांची एक गरोदर बाई आली होती. पाय सुजून टम्म झालेले, चपलेचा पट्टा रुतलेला. तिने पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड काढलं. गाव सोडायच्या आधीची शेवटची नोंद, त्यानंतरचे सगळे रकाने कोरे. मी तिला गोळी दिली नाही, नवऱ्याला बोलावून दवाखान्यात पाठवलं. तिथे त्यांना तायी कार्ड, म्हणजे इथलं कर्नाटकचं माता कार्ड, विचारलं आणि उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी टोळी पुढच्या फडावर गेली होती.

सारं अडतं ते इथेच. आमच्या आशाताई जीव तोडून काम करतात, पण त्यांची वही गावातल्या घरांची असते. उसाच्या कडेला पाचट आणि ताडपत्रीच्या झोपड्यांचा, म्हणजे कोप्यांचा तळ पडतो, तो त्या वहीत नसतो. सर्वेक्षणाचे नमुने घरांच्या यादीवरून निवडले जातात, मग जिला घरच नाही ती निवडली जाणार कशी? आणि निवडली गेलीच, तर फेरतपासणीला येईपर्यंत ती जागेवर नसते. बेळगावच्या बस स्टँडवर रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्यांचीही गत हीच. केसपेपरवर पत्त्याची ओळ रिकामी.

मोजलं की काय उघड होतं, ते बीडने दाखवलं आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तोवर ही गोष्ट कुजबुजीतच होती. पण ती पाहणी झाली त्यांच्या गावी. ज्या महिन्यांत या बायका मोळ्या वाहतात, उघड्यावर जातात, पाळीतही फडात उभ्या असतात, ते महिने त्यांतल्या कित्येकींचे आपल्या हद्दीत जातात. म्हणजे आजार अंगात मुरतो तो आपल्याकडे. त्याचा अभ्यास आपणच करायला हवा.

साधनं हाताशी आहेत. बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाकडे हे काम सोपवा. पथकं तळावर जावीत, आणि संध्याकाळी जावीत. हिमोग्लोबिन, रक्तदाब, गरोदरपण, क्षयरोग यांची पूर्ण हंगामभर नोंद व्हावी. क्षयाचा तर विशेष विचार करा: नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, हंगामही जवळपास तेवढाच. इथे सुरू झालेल्या गोळ्या गावी गेल्यावर तुटता कामा नयेत. क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवता येते. ती वळवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी.

मात्र नुसतं रक्त काढून नेणारा अभ्यास आम्हाला नको. आयसीएमआरची २०१७ ची नीतितत्त्वं सांगतात की संमती माणसाला समजेल अशा भाषेत घ्यावी. म्हणून मराठी आणि गोरमाटी (बंजारा भाषा) बोलणारी माणसं पथकात असू द्या. टोळी आणणाऱ्या मुकादमासमोर विचारू नका. कोण गरोदर, कोण आजारी, हे त्याला किंवा कारखान्याला कळलं तर त्या बाईची उचल बुडेल आणि पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. जिचं रक्त कमी निघेल तिला त्याच संध्याकाळी गोळ्या मिळाव्यात. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, असं कारखान्यांना लेखी कळवावं.

सीमाभागातल्या ८६५ गावांच्या आरोग्य विम्यावरून २०२३ मध्ये दोन सरकारांत जुंपली होती. या बायकांसाठी मात्र दोघांपैकी कुणीच भांडलं नाही. तुम्ही महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याला पत्र लिहून दोन्हीकडची कार्डं दोन्हीकडे चालतील एवढं ठरवलं, तरी पुढच्या गरोदर बाईला दारातून परत जावं लागणार नाही.

हे आदेश यंदाच्या हंगामात कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी निघावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
चिकोडी तालुक्यातील एक औषध दुकानदार