ब्लॉक कुठं ठेवलात, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या, म्हणजे ३१ मेच्या (तंबाखूविरोधी दिनाच्या) आरोग्य पुरवणीत ‘तंबाखू सोडा, तोंडाचा कर्करोग टाळा’ असा मथळा होता. लेख मी वाचला म्हणण्यापेक्षा मला तो वाचावा लागला. सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या ताई पुरवणीची घडी हातात घेऊन दारात उभ्या. माझ्या पत्नीला म्हणाल्या, “वहिनी, रागावू नका, पण तुम्ही कधी मशेरी लावायचात का हो?” मायेनंच विचारलं असणार. ही काही बोलली नाही. आत गेली, गॅस बारीक केला आणि ओट्यापाशी बराच वेळ तशीच उभी राहिली.

तेव्हा सर्वप्रथम लेखकांचे आभार.

लेखात खोटं काही नाही, हे कबूल करतो. तोंडाच्या कर्करोगात शंभरातले नव्वदच्या आसपास स्क्वॅमस जातीचे, म्हणजे वरच्या अस्तराचे असतात आणि आपल्याकडे त्यामागे बहुतेक वेळा तंबाखूच असते. पण मग उरलेल्यांचं काय? त्यांच्या वाट्याला आपल्या अख्ख्या पानात अर्धं वाक्यही आलं नाही. टाळू, ओठ, गाल यांच्या अस्तराखाली सहाशे ते हजार बारीक लाळग्रंथी असतात. त्यांच्यातही गाठी होतात, आणि त्या गाठी तुम्ही मशेरी लावता की नाही हे विचारून येत नाहीत. माझ्या पत्नीनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा चघळलेलं नाही. तरी गेल्या तीन वर्षांत जितक्या केसपेपरांवर तिचं नाव लागलं, त्या प्रत्येकावर पहिला प्रश्न तोच होता. दोन ठिकाणी तर ‘नाही’ म्हटल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडं बघून पुन्हा विचारलं.

२०२१च्या दिवाळीत तिच्या टाळूला उजव्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी दाढेचं मूळ सुजलंय म्हणून रूट कॅनाल केलं. दाढ सुधारली, गाठ तिथंच. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी वरवरचा एक टवका काढून तपासायला दिला; रिपोर्ट आला, ‘जुनाट सूज’. टाटाला गेल्यावर कळलं की असली गाठ अस्तराच्या खाली असते, वरवर खरवडलं तर हाताला फक्त अस्तर लागतं. विहिरीचं पाणी बघायचं आणि काठावरची माती तपासायला पाठवायची, त्यातलाच प्रकार. पुढं जुलै २०२२मध्ये गाठ बोराएवढी झाल्यावर एका रुग्णालयात ती काढली, तीही तुकड्या-तुकड्यांत. रिपोर्ट दीड ओळीचा: प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, साधी गाठ. आम्ही पेढे वाटले. शेजारच्या ताईंनाही दिले होते.

२०२४च्या संक्रांतीला तिळगुळाची वडी तिच्या टाळूला चिकटून राहिली आणि तिला कळलंच नाही. जीभ लागली तेव्हा समजलं. त्याच्या आदल्या महिन्यात तिथंच चहानं पोळून फोड आला होता, तोही असाच उशिरा कळला. गाठ दिसत नव्हती, पण तेवढी जागा बधिर झाली होती. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून दादर गाठलं आणि तिथून परळला टाटात.

आता मूळ मुद्दा. टाटात पहिल्याच दिवशी सांगितलं, “आधीच्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.” आमच्या पिढीत ब्लॉक म्हणजे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मी बावळटासारखा विचारलं, “कुठला ब्लॉक?” तिथल्या एका तरुण डॉक्टरनं न हसता समजावलं. काढलेला तुकडा मेणात बसवतात, ती मेणाची वडी म्हणजे ब्लॉक. तिचे केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात आणि दुर्बिणीखाली बघतात. त्यानं केसपेपरच्या मागं पेन्सिलीनं चाळणीसारखी भोकं काढून दाखवली. अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा कर्करोग दुर्बिणीखाली असा दिसतो आणि नसांच्या कडेकडेनं सरकत जातो, म्हणून बधिरपणा. पण गाठीचा चुकीचा तुकडा पुढ्यात आला तर हा आणि साधी गाठ दोन्ही सारखेच दिसू शकतात. कडा बघावी लागते, नसा बघाव्या लागतात. अगदीच अडलं तर ६ आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल शोधायची तपासणी असते, तीही बहुतेक त्याच वडीतून. म्हणून वडी हवी.

कराडला परत. रुग्णालय म्हणालं, लॅबला विचारा. लॅब म्हणाली, रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक आम्ही देत नसतो. दुसऱ्या खेपेला, देतो पण मोठे साहेब नाहीत. तिसऱ्या खेपेला, जागा बदलली तेव्हा जुनं सामान हललं, सापडत नाही. दीड वर्षापूर्वीचं ते जुनं!

संपादक महाशय, मी तहसील कचेरीत अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. पावसात भिंतीला ओल यायची, वाळवी लागायची, शिपाई एकच. तरीही कुणी १९३४चा फेरफार मागितला तर लाल फडक्यातला रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, सोडून मी अर्ध्या तासात नक्कल तयार करून दिलेली आहे. ज्या जमिनीवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात तिचा कागद सरकार जपतं, आणि माणसाच्या टाळूचा तुकडा कुठं गेला ते पैसे घेऊन तपासणाऱ्याला माहीत नाही.

चौथ्या खेपेला मी म्हटलं, मला रजिस्टर दाखवा, मी शोधतो. तिथल्या एका पोराला दया आली असावी. त्यानं माळ्यावरून चपलांची तीन खोकी काढली. आत प्लास्टिकच्या जाळीदार डब्या, गुलाबी, पिवळ्या, एकावर एक, आणि प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीनं नंबर. आमचा ४१७. सापडला तो ४१७ की ४११ हे कळेना. इंग्रजी आकड्याच्या डोक्यावर मेण चढलेलं. रजिस्टरात ४११ला कुणाचं तरी अपेंडिक्स होतं. पोरानं नखानं मेण खरवडलं, डबी ट्यूबलाइटजवळ धरली आणि सातची आडवी रेघ दिसली. माझे हात थरथरत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ती वडी रुमालात गुंडाळून (साध्याच, खिशातल्या) मी मुंबईला नेली. टाटात त्याच वडीचे आणखी खोलवर काप घेतले तेव्हा एका नसेभोवती तो कर्करोग दिसला. म्हणजे जुलै २०२२मध्येच तो तिथं होता आणि आम्ही पेढे वाटत होतो. पुढं अर्धी टाळू काढावी लागली, मग रेडिएशन. आता ती जेवताना-बोलताना टाळूची कवळी लावते. कवळी नसली की शब्द नाकातून येतात, म्हणून फोन मीच घेतो. हा रोग संथ आहे आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात डोकं वर काढू शकतो, त्यामुळं तपासण्या चालूच राहणार.

ज्यांनी पहिला रिपोर्ट दिला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या टेबलावर दिवसभर पित्ताशयं आणि अपेंडिक्स. असली गाठ कधीमधी येणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत नुसत्या लाळग्रंथींच्या कर्करोगांच्याच वीसहून अधिक जाती आहेत, एका माणसाला सगळ्या एका नजरेत कशा ओळखू याव्यात? पण मग ‘हे मला नक्की सांगता येत नाही, मोठ्या ठिकाणी दाखवा’ ही ओळ रिपोर्टात लिहायला काय हरकत होती? आणि दुसऱ्या नजरेसाठी तुकडा तरी शिल्लक हवा ना? भरती झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत आहे. मी तो नियम छापून लॅबमध्ये नेला होता. उत्तर मिळालं, “काका, हे कागदाचं आहे. हे मेण आहे.”

यावर आपल्या वार्ताहरांनी कधी चार ओळी लिहिल्या आहेत का? लिहा. जिल्ह्यातल्या दहा लॅबमध्ये जाऊन नुसतं विचारा, दोन वर्षांपूर्वीचे ब्लॉक कुठं आहेत. कुठल्याही तज्ज्ञाच्या मुलाखतीपेक्षा जास्त मजकूर मिळेल.

जाता जाता आणखी एक. ज्या पुरवणीत तंबाखू सोडण्याची शपथ छापलीत, त्याच अंकाच्या आतल्या पानावर अर्धा पान वेलचीची जाहिरात आहे. वेलची खाऊन नट एवढ्या उंचावरून उडी मारतो हे मला नव्यानं कळलं. आमच्या घरी वेलची श्रीखंडात घालतात, पण कुणी उडी मारल्याचं आठवत नाही. राज्यात २०१२पासून गुटखा बंद आहे, आणि ही ‘वेलची’ नक्की कुणाची भावंडं आहे हे आठवीतलं पोरही सांगेल. जाहिरात खात्यानं निदान त्या एका दिवशी तरी पुरवणी वाचायला हवी होती.

पुढच्या खेपेला तोंडाच्या कर्करोगावर काही छापाल तेव्हा कोपऱ्यात एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती: बायोप्सी झाली की रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर वहीत लिहून घ्या, आणि निदान पटत नसेल तर तो ब्लॉक मागायला लाजू नका.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रेकॉर्ड कीपर, कराड
(पत्नीच्या आग्रहावरून नाव छापू नये.)

ता. क. मागच्या वर्षी पाणीपट्टीवरचं माझं पत्र आपण चार ओळींचं केलंत. याही पत्राला कात्री लागणार हे मला ठाऊक आहे. नियम-बियम सगळं कापा, वेलचीही कापा हवी तर. पण मशेरीची ओळ तेवढी राहू द्या. शेजारच्या ताई तुमचाच पेपर घेतात.