‘ओळखलंस का मला?’ ही परीक्षा नको

महोदय,

जागतिक अल्झायमर दिन २१ सप्टेंबरला, बहुधा गणेशोत्सवाच्या आगेमागे येतो. याच दिवसांत दर्शनाला आलेले आप्त स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांसमोर वाकून ‘ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?’ असे विचारतात. हेतू मायेचा असला तरी ही परीक्षाच असते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग सुरुवातीलाच झिजू लागतो, त्यामुळे नाव आठवत नाही. ते आठवायला हवे होते, हे मात्र पुष्कळदा कळते. माझ्या सासूबाई अशा प्रश्नानंतर पदराचे टोक चोळत बसतात. कोण येऊन गेले ते त्या विसरतात, ओशाळलेपण मात्र बराच वेळ जात नाही. त्यापेक्षा समोर बसून, टीव्ही बंद करून, ‘मी तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, नागपूरहून आले’ असे आपणच सांगावे, एका वेळी एकच गोष्ट बोलावी आणि उत्तराची घाई करू नये.

तिन्हीसांजेला त्या ‘मला घरी जायचंय’ म्हणतात, तेव्हा ‘हेच तुमचं घर’ हा वाद निष्फळ ठरतो, कारण त्यांच्या मनातले घर कोकणातले माहेर असते. खळ्यात काय होते, विहिरीवर रहाट होता का, असे विचारले की त्या बोलू लागतात आणि निघण्याची घालमेल ओसरते. (याला कोणी खोटेपणा म्हणेल, मला तसे वाटत नाही.) हातांची सवय तर फार उशिरापर्यंत टिकते. मुलाचे नाव अडते, पण दूर्वांच्या जुड्या त्या आजही नीट बांधतात. तेव्हा पाहुण्यांनी प्रश्न विचारण्याऐवजी त्यांच्याबरोबर दूर्वा निवडायला बसावे.

विसरणे म्हणजे वयच, असे समजून तपासणी टाळणेही चूक आहे, कारण ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेमुळेही विसर पडू शकतो आणि ती उपचारांनी भरून काढता येते. एकदोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर जंतुसंसर्गाची किंवा सोडियम घटल्याची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठावा.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेक निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतील. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी जन्मतारीख दरडावून विचारण्याऐवजी त्यांना बसायला खुर्ची द्यावी, बोलावे त्यांच्याशीच आणि अडेल तेथे सोबतच्या माणसाला विचारावे, एवढी सूचना बँकांनी ऑक्टोबरातच आपल्या शाखांना द्यावी.

— एक वाचक, ठाणे