माईकडे कोणी बघितलं का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मालिकांमधल्या गाजलेल्या खलनायकांवर लेख आला होता, त्यात 'रात्रीस खेळ चाले'मधल्या अण्णा नाईकांचा भलामोठा फोटो आणि खाली त्यांची नजर, त्यांचा दरारा, त्यांची स्टाइल असं सगळं कौतुकाने लिहिलेलं. अख्खा लेख वाचला पण त्यात त्यांच्या बायकोचं, माईचं, नावसुद्धा नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी कुडाळची. आमच्याकडून सावंतवाडीला जाताना आकेरी लागतं, तिथल्याच वाड्यात या मालिकेचं शूटिंग झालं, त्यामुळे आमच्यासाठी ही नुसती टीव्हीवरची गोष्ट नव्हती. २०१६ साली पहिला भाग सुरू झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात केवढी ओरड झाली होती ते मला चांगलं आठवतंय. कोकणची बदनामी होतेय, भुतंखेतं दाखवून अंधश्रद्धा पसरवताहेत, मालिका बंद करा वगैरे. त्या भागात अण्णा सुरुवातीलाच जातात आणि पुढे भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतच असतात. मग जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो अण्णांच्या हयातीतला, आणि तो माणूस कसा होता ते रोज रात्री साडेदहाला दिसायला लागलं. दुसऱ्याच्या जमिनी लाटणारा, परक्या बायकांवर डोळा ठेवणारा, घरात बायकोवर हात उचलणारा, वेळ आली तर माणूस मारणारा. तेव्हा मात्र आमच्याकडे कोणाला बदनामी वाटली नाही. भुताने कोकणची बदनामी होते आणि बायकोला मारणाऱ्या माणसाने होत नाही, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही कळत नाही.

उलट अण्णा लाडके झाले. मोबाईलवर त्यांचे स्टेटस, मीम, आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या आकेरीला थांबून लोक वाड्यासमोर फोटो काढायचे. अण्णांचे जिच्याशी बाहेर संबंध होते ती शेवंता आणि अण्णा यांची 'जोडी' म्हणून चर्चा, शेवंताच्या साड्या, शेवंताचा गजरा. माधव अभ्यंकरांनी काम अप्रतिम केलं यात वादच नाही, नुसत्या डोळ्यांनी भीती घालायचे. शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकरांचंही तसंच. पण शकुंतला नरेंनी जी माई केली तीसुद्धा तेवढीच अवघड होती हो, जास्तच म्हणेन मी, कारण तिला बोलायला फारसं काही नसायचं, नवरा कुठून आलाय ते माहीत असूनही पानावर भात वाढताना हात थरथरू द्यायचा नाही आणि पोरांसमोर चेहरा सरळ ठेवायचा, हे त्यांनी कसं केलं असेल.

आमच्या घरी काकू असायची, आता ऐंशीला टेकली. मालवणी ऐकायला मिळतं म्हणून पहिला भाग तिने आवडीने पाहिला. दुसऱ्या भागात एकदा अण्णा माईवर धावून गेले तशी ती उठून आत गेली. मी म्हटलं काकू, अजून संपला नाही, तर चुलीकडून म्हणाली, "माका नको ता बघूक, माझा बघून झाला." बस्स एवढंच. काका जाऊन वीस वर्षं झाली होती तेव्हा, आणि आम्ही सगळे त्यांना कडक शिस्तीचा माणूस म्हणूनच ओळखत होतो.

त्याच वर्षी चतुर्थीत वाडीतल्या पोरांनी गणपतीसमोर स्कीट केलं. आठवीतला मुलगा अण्णा झाला, धोतर, मिशी, सगळं, आणि सातवीतली एक मुलगी माई. तो ओरडायचा, हात उगारायचा, आणि जमलेली माणसं टाळ्या वाजवून हसत होती, बायकापण. ती मुलगी मान खाली घालून उभी, तिला एकही वाक्य दिलं नव्हतं. मला तिथे बसवेना.

निळू फुल्यांच्या काळाबद्दल आपण नेहमी सांगतो ना, की बायका त्यांना खरोखर घाबरायच्या, समोर दिसले तरी नकोसे व्हायचे, आणि प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाचे अतिशय सज्जन कार्यकर्ते. तो त्यांच्यावर अन्यायच होता, मान्य. पण त्या बायकांना पडद्यावरचा पाटील काय करतोय ते नीट दिसत होतं एवढं तरी खरं. आता नटाला कोणी दोष देत नाही ते चांगलंच झालं, पण त्या सोबत पात्राचा दोषही धुऊन टाकलाय. आणि तोसुद्धा फक्त पुरुषाचा. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये लग्न मोडलं गुरुनाथने, राधिकाचा नवरा तो होता, पण बायकांच्या घोळक्यात शिव्या ऐकू यायच्या त्या त्याच्या मैत्रिणीला, शनायाला. गुरुनाथ म्हणे बिचारा फसला.

वाईट माणूस दाखवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. असे अण्णा आमच्या गावांत होते, आहेत, दाखवायलाच पाहिजेत, आणि लेखकांनी ते मालवणी मुलखातले बारकावे घेऊन लिहिले म्हणूनच एवढे खरे वाटले. माझी तक्रार एवढीच आहे की अण्णा दारातून बाहेर पडले की बहुतेक वेळा कॅमेरा पण त्यांच्यामागून बाहेर जायचा. माई मागे स्वयंपाकघरात काय करते, कोणाशी बोलते, रात्री झोपते की नाही, तिथे थोडं थांबायला हवं होतं. मग कदाचित आम्ही हसलो नसतो. आणि तुम्ही पेपरवाल्यांनीही एकदा शकुंतला नरेंची सविस्तर मुलाखत छापावी, माई करताना त्यांच्या मनात काय चालायचं ते विचारावं, गावोगावच्या बायकांनी भेटल्यावर त्यांना काय सांगितलं ते विचारावं. मला खात्री आहे त्यांना पुष्कळ ऐकायला मिळालं असणार.

या चतुर्थीला पोरं परत तेच स्कीट बसवताहेत, मोबाईलवर जुने एपिसोड बघून. मी जाऊन माईसाठी पाच वाक्यं लिहून दिली आहेत. काकूला वाचून दाखवली तर तिने त्यातलं एक बदलायला लावलं.

आपली,
एक वाचक, कुडाळ