अशील आणि वकील

महोदय,

खाणीला विरोध करणाऱ्या गावांची बातमी येते, त्यांच्या वकिलांची सहसा येत नाही. दक्षिण आफ्रिकेत वाळूतील खनिजे उपसणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तीन पर्यावरण वकील आणि तीन कार्यकर्त्यांवर अब्रूनुकसानीचे दावे ठोकले. भरपाईची मागणी होती सुमारे 1 कोटी 42 लाख रँड, नाहीतर जाहीर माफी! माफीवर भागत असेल तर पैशांची निकड किती होती, हे उघडच आहे. असा दावा जिंकण्यासाठी नसतोच. वकिलाची वर्षे स्वतःच्या बचावात जावीत आणि गावाची फाइल धूळ खात पडावी, एवढ्यासाठी असतो. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये मान्य केले, की तोंड बंद करण्यासाठी कायद्याचा गैरवापर होत असेल, तर तो बचावाचा मुद्दा ठरू शकतो. पण तोवर वर्षे गेलीच.

वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या भूमिकेशी एकरूप मानू नये, हे संयुक्त राष्ट्रांचे तत्त्व 1990 चे आहे. खुनाच्या आरोपीचा वकील खुनी ठरत नाही; गावकऱ्यांचा वकील मात्र लगेच ‘विकासविरोधी’ ठरतो. खटला लढवल्याबद्दल वकिलावर दावा दाखल झाला, तर तो पहिल्याच सुनावणीत तपासून फेटाळण्याची तरतूद कायद्यात हवी.

— एक वाचक