वरच्या मजल्यावरच्या लेकीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

समोर आभार मानले की तू "काय हे काकू!" म्हणत जिना चढून जातेस. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. आता पळून दाखव.

आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तैवानला, सिंचूला निघालो, तेव्हा जावई विमानतळावर घ्यायला येणार होते. पण तिला आधीच ॲडमिट करावं लागलं, ते दवाखान्यातून हलणार कसे? आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवर सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणालं, गूगल आहे ना. कुणी म्हणालं, सरळ टॅक्सी करा. तू मात्र ऑफिसातून आलीस ती थेट आमच्या स्वयंपाकघरात बसलीस. सिंचूला शिकत असताना ज्या वाटेने जायचीस, ती ताओयुआन विमानतळापासूनची सगळी वाट आमच्याकडून तोंडपाठ करून घेतलीस.

वहीचा तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. वर विमानतळावरून हायस्पीड रेल्वेच्या स्टेशनला नेणाऱ्या बसचा नंबर, ७०५. खाली त्या रेल्वेची दोन चिनी अक्षरं, बोटभर उंचीची. "पहिलं अक्षर वर मजला चढवलेल्या वाड्यासारखं दिसतं बघा, दारासकट. ही पाटी दिसली की तिथेच उभं राहायचं." तिथल्या बसतळावर पाट्यांच्या गर्दीत काकांनी आधी तो वाडाच ओळखला! मला तर सगळी अक्षरं सारखीच दिसत होती.

"नुसतं ताओयुआन स्टेशन म्हणू नका" हे तू तीनतीनदा बजावलंस, त्याची किंमत तिथे गेल्यावर कळली. ताओयुआनचं जुनं रेल्वे स्टेशन शहरात आणि हायस्पीडचं पार दुसरीकडे. सिंचूचीही तीच गत. स्टेशन शहरापासून लांब असतं हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. पण एका नावाची दोन स्टेशनं असतील, हे आम्हाला कुठून सुचणार?

काकांना खरं तर मेट्रोच हवी होती. २०१७ पासून विमानतळावरून मेट्रोही त्याच हायस्पीड स्टेशनला जाते, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. तू वाद घातला नाहीस. फक्त विचारलंस, "बॅगा किती?" चार होत्या. मग बस ठरली. चालकाने बॅगा बसच्या पोटात टाकल्या, तिकीट माणशी ३० तैवानी डॉलर, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या आत. वीसेक मिनिटांत स्टेशनच्या दारात उतरलो. बॅगांना हात लावावा लागला तो तिथेच.

विमान उशिरा आलं तर ठरावीक गाडीची धास्ती नको, म्हणून बिनआरक्षणाचं तिकीट काढायचं, हे तुझंच. १० ते १२ नंबरच्या डब्यांत बसायचं, हेही. मेट्रोत खाणंपिणं बंद, पण हायस्पीड गाडीत चालतं, हे तू काकांच्या शुगरची आठवण ठेवून सांगितलंस. गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पळणारी. त्यांनी चिवड्याची पुडी सोडेपर्यंत सिंचू आलंसुद्धा.

आणि द्राक्षं! मी हौसेने पेटी भरली होती. तिकडे ताजी फळं नेता येत नाहीत म्हणून तू ती बाहेर काढलीस आणि त्या जागी मनुके भरलेस. (द्राक्षं तुमच्याकडेच संपली, हे तुझ्या आईने सांगितलंय मला.)

आम्ही पोचलो त्याच रात्री नात झाली. टॅक्सीनेही पोचलो असतो, असं काका अजून म्हणतात. पोचलो असतोच. पण वाटेत दर दहा मिनिटांनी जावयांना फोन लावला असता, 'आता कुठे वळायचं, आता कुणाला विचारायचं'. तो एकही फोन करावा लागला नाही. ते पूर्ण वेळ लेकीपाशी बसू शकले, आणि तीही निवांत राहिली. मला आभार मानायचेत ते याचेच.

आता एक काम. पंचवटीतले आमचे व्याही दिवाळीत नातीला बघायला निघालेत. कागदाची झेरॉक्स त्यांना दिलीय, तुला न विचारताच. बस त्यांना पटलीय, बॅगा त्यांच्या सहा आहेत. फक्त विहीणबाई विचारतायत की हायस्पीड गाडीत खिडकीतून डोंगर कुठल्या बाजूला दिसतात. तेवढं रविवारी खाली येऊन सांग. डिंकाचे लाडू केलेत.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू