इचलकरंजीतल्या पोरांसाठी जुन्या रॅकेट, जुने बॉल आणि तुमची रविवारची सकाळ पाहिजे

नमस्कार मंडळी, इचलकरंजी आणि आजूबाजूच्या गावातल्या सगळ्यांना आणि इथून शिकून पुण्या-मुंबईला गेलेल्यांना तर खास करून ही विनंती आहे, जरा शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं टेनिसचा बॉल घराघरात आहे पण तो क्रिकेटसाठी, रॅकेट हातात घेतलेलं पोर शोधावं लागतं, कारण टेनिस म्हणजे क्लब, मेंबरशिप, पैसेवाल्यांचा खेळ असं आपणच ठरवून टाकलंय. आम्ही काही लोक, कुणी शिक्षक, कुणी सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) कामाला, काही कॉलेजची पोरं, दर रविवारी सकाळी महापालिका शाळेतल्या मुलामुलींना टेनिस शिकवतो. फी नाही. बहुतेकांचे आईवडील यंत्रमागावर नाहीतर कांडीवर (सूत गुंडाळायच्या कामावर) आहेत, त्यांच्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच येत नाही.

लोक पहिल्यांदा विचारतात कोर्ट कुठाय? पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं आणि ते बांधायचं म्हणजे मोठा खर्च, पण लहान पोरांना ते लागतच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २००७ पासून हेच सांगायला सुरुवात केली, की पोरांना छोटं कोर्ट, छोटी रॅकेट आणि हळू उसळणारा बॉल द्या. लाल बॉल सगळ्यात हळू, मग नारंगी, मग हिरवा. २०१२ पासून तर १० वर्षांखालच्या स्पर्धेत नेहमीचा पिवळा बॉल चालतच नाही. नारंगी बॉलचं कोर्ट १८ मीटर लांब, आणि व्हॉलीबॉलचं ग्राउंड पण बरोबर १८ मीटरच, म्हणजे शाळेत जे आहे त्यावरच फक्की मारायची, नेट खाली बांधायचं आणि खेळ सुरू, आम्ही तेच करतो.

आता काय पाहिजे ते सांगतो. क्लबमध्ये खेळणाऱ्यांनो, तुमचे जुने बॉल टाकू नका. डबा उघडला की बॉलमधली हवा हळूहळू जाते आणि तुम्हाला तो मेलेला वाटतो, पण नवीन पोराला तोच बरा, कारण नवा करकरीत बॉल त्याच्या डोक्यावरून जातो आणि दोन रविवारात त्याचा जीव खेळातून उडतो. रॅकेट २१ ते २५ इंची मिळाल्या तर फार बरं होईल. मोठ्यांची २७ इंची पण चालेल, ती आम्ही मोठ्या मुलांना देऊ, कारण छोट्याला जड रॅकेट दिली की मनगट आणि कोपर दुखायला लागतं. पोर सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकलं की माप बरोबर, एवढं साधं आहे.

पण खरी गरज माणसांची आहे! तुम्हाला टेनिस येत नसलं तरी या. बॉल टाकायला, बॉल गोळा करायला, लाइनी मारायला, पोरांना घरापर्यंत पोचवायला माणूस लागतं. ताई, काकी, मावशी, तुम्ही तर याच, कारण ग्राउंडवर एक जरी बाई उभी असली की आया मुलींना पाठवतात, नाहीतर मुलगी सहावी-सातवीत गेली की यायची बंद होते, आणि हे बघून आम्हाला फार वाईट वाटतं. शेजारच्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ ला विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली, ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर हांगझोच्या एशियन गेम्समध्ये मिक्स्ड डबल्सचं सोनं आणलं २०२३ ला. आपली प्रत्येक पोरगी तिथं जाईल असं नाही म्हणत आम्ही, पण तिला दहावीपर्यंत तरी खेळू द्या की.

ज्यांना पैसेच द्यायचेत त्यांनी आमच्या या मंडळाच्या खात्यावरच टाका, रोख कुणाच्या हातात देऊ नका, पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला शाळेच्या बोर्डावर लागेल. पैसे लाल-नारंगी बॉल, बूट आणि सकाळच्या केळी-दुधासाठीच जाणार.

पुण्या-मुंबईवाल्यांनी आपल्या सोसायटीत एक खोकं ठेवा, भरलं की इकडं येणाऱ्या गाडीत टाका. ग्रिप फाटलेली असली तरी चालेल, तार तुटली असेल तर तेवढं खोक्यावर लिहा, म्हणजे आधी गटिंग करून (नवी तार बसवून) घेता येईल.